गोड बातमी कळल्यावर काय करावे

मराठीत ‘गोड बातमी’ म्हटलं की लोकांना पाळणा आठवतो. पन्नाशीच्या सुमारास हीच बातमी लॅबच्या पाकिटातून येते. उपाशीपोटी १२६ किंवा वर, तीन महिन्यांची सरासरी साडेसहा किंवा वर, आणि पुन्हा तपासूनही तेच, असं झालं की तुम्ही मधुमेहींच्या मंडळाचे रीतसर सभासद झालात. सभासदत्व आजीव आहे, वर्गणी दरमहा औषधाच्या दुकानात भरायची. प्रस्तुत लेखक चौदा वर्षं जुना सभासद असल्याने नवागतांना मार्गदर्शन करण्याचा त्याला अधिकार पोचतो. आजार सांभाळणं त्या मानाने सोपं: गोळ्या वेळेवर, चालणं रोज, भात अर्धी मूद. कसोटी लागते ती तुमचा आजार सांभाळायला निघालेल्या इतरांना सांभाळताना.

सर्वप्रथम, बातमी कोणाला सांगावी? शक्यतो कोणालाच नाही. परंतु हे फार काळ जमत नाही, कारण पहिल्याच लग्नात तुम्ही जिलबीला नाही म्हणता आणि वाढपी सोडून सगळी पंगत तुमच्याकडे बघू लागते. मग तुम्ही सांगता. सांगितल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: “तुला? तू तर काटकुळा आहेस की!” यावर शास्त्राधार द्यावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे आपण वरून काडी आणि आतून लोणी. हे सगळं पंगतीत नीट सांगितलं तर मठ्ठा येईपर्यंत पुरतं, आणि ऐकणारा गप्प होतो. पटलं म्हणून नव्हे. तो मनातल्या मनात स्वतःच्या पोटाचा अंदाज घेत असतो.

यानंतर उपाय येऊ लागतील. येऊ द्यावेत. मेथीदाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, रात्रभर पाणी ठेवायचा बिबल्याचा लाकडी पेला आणि ‘इन्शुलिनचं झाड’. शेवटचं कुंडीसकट येतं. आमच्या बाल्कनीत अशी तीन झाडं झाली. देणारे तिघेही अधूनमधून पानं मोजायला येतात. कुंडी घ्यावी, पाणी घालावं, गोळी चालू ठेवावी. “गोळीत केमिकल असतं हो” असं कोणी म्हणालंच, तर मेटफॉर्मिनची वंशावळ सांगावी: युरोपात जुन्या काळी वैदू लोक गलेगा नावाची एक रानवनस्पती वापरत, तिच्यातल्या द्रव्याचा माग काढत काढत पुढे हे औषध तयार झालं आणि १९५७ साली पॅरिसमध्ये झाँ स्टर्न या डॉक्टरने ते मधुमेहावर वापरलं. मूळ झाडपाल्यातलंच आहे, हे ऐकून सल्लागाराचा चेहरा एकदम निवळतो. “मग हरकत नाही,” असं म्हणून तो तुम्हाला तुमचीच गोळी घ्यायची परवानगी देतो.

आहाराबाबत महाराष्ट्रात दोन प्रबळ घराणी आहेत. एक सांगतं दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवण आटपा. दुसरं सांगतं दर दोन तासांनी थोडं थोडं खा. आमचा मेहुणा पहिल्या घराण्याचा आणि त्याची बायको दुसऱ्याची, त्यामुळे त्यांच्याकडे गेलं की कोणी ना कोणी जेवतच असतं. तुम्ही आपल्या डॉक्टरांना विचारून काय ते करावं आणि दोन्ही घरी “मी तुमचंच पाळतो” असं सांगावं.

आता गूळ. हा विषय नाजूक आहे, कारण त्यात आत्या येते.

“अरे, साखर वाईट. गुळाने काही होत नाही.”

“आत्या, डॉक्टर म्हणाले दोन्ही एकच.”

“डॉक्टरला काय कळतंय? तुझे आजोबा रोज गूळपाणी प्यायचे.”

आजोबा रोज दोन कोस चालून शेतावरही जायचे, हे इथे काढू नये. गूळ हाही मुख्यतः साखरच, रंग तेवढा सावळा, हेही काढू नये. वाद घालून आजवर कोणत्याही भाच्याने आत्याला जिंकलेलं नाही. पुरणपोळीचा तुकडा मोडावा, अर्धा तुकडा तिच्याच ताटात सरकवून “तू खाल्लं नाहीस अजून” म्हणावं आणि आजोबांचा विषय काढावा. ‘एवढंसं’ या शब्दापासून मात्र सावध असावं. प्रसादाचा शिरा ‘एवढासा’ देतात तेव्हा त्याचं वजन देणाऱ्याच्या भक्तीवर अवलंबून असतं. तो तळहातावर घ्यावा, डोळ्यांना लावावा आणि शेजारी उभ्या असलेल्या लहान मुलाच्या हाताशी सलोखा करावा. साबुदाण्याच्या खिचडीला उपासाचं म्हणून कोणी सूट देईल. शरीराला तिथी कळत नाही, त्याच्या लेखी तो नुसता स्टार्चच.

घरातल्या घरात उद्भवणारा सगळ्यात कठीण प्रसंग पहाटेचा. एका दिवाळीत मी रात्री आठला ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खाऊन, नंतर पाण्याशिवाय तोंडात काही न घालता झोपलो. सकाळी उठून बोट टोचलं. टोचताना बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचावं, तिथे कमी दुखतं; थेंब येईना तर हात खाली सोडून झटकावा, दाबून दाबून पिळू नये. पट्टीने थेंब ओढून घेतला, यंत्र पाच आकडे उलटे मोजून थांबलं: १६२. सौ. मागे उभी होती. काही न बोलता ती स्वयंपाकघरात गेली आणि बेसनाच्या लाडवांच्या डब्याचं झाकण वाजलं. लाडू मोजले गेले. तेवीस होते. रात्री चोवीस होते असं तिचं म्हणणं.

अशा वेळी यकृताचं नाव सांगावं. पहाटे तीन-चारनंतर शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल वगैरे मंडळी कामावर येतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू लागतं. धडधाकट माणसाचं इन्शुलिन तिला आवरतं, आपलं आवरत नाही. म्हणून काही न खाताही सकाळची साखर चढलेली. हे सत्य आहे, वैद्यकात मान्य आहे, आणि आमच्या घरात त्यावर आजही कोणाचा विश्वास नाही. “यकृत लाडू खातं का?” असा साधा प्रश्न आला. (तेविसाचा उलगडा चार दिवसांनी झाला, मुलगा बोलला. पण माफी कोणी मागितली नाही.)

तपासणीचा दिवस हा परीक्षेचा, आणि परीक्षा म्हटली की कॉपी आलीच. रिकाम्या पोटी रक्त देऊन यायचं, मग जेवायचं, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी परत जायचं. त्या जेवणात एरवीच्या तीन पोळ्या सोडून एक फुलका आणि काकडी खाणारे थोर लोक मला ठाऊक आहेत. मीही त्यांच्यातलाच. आधीचे चार दिवस संन्यास, आकडे सुरेख. डॉक्टर पहिलं पान पाहून मान डोलावतात. मग दुसरं पान उलटतात. तिथे एचबीएवनसी, म्हणजे ती तीन महिन्यांची सरासरी, बसलेलं असतं, आणि ते चित्रगुप्ताच्या खात्यातलं आहे. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवस. तेवढ्या काळात रक्तात साखर असेल तशी ती हिमोग्लोबिनला चिकटत जाते आणि धुतली जात नाही. चार दिवसांच्या काकडीने गणपतीचे मोदक निघत नाहीत. “सप्टेंबरात काय झालं होतं?” डॉक्टर विचारतात. काय सांगणार? दहा दिवस होते, आरत्या होत्या.

चालण्याबद्दल फार लिहीत नाही, टेकडीवर सगळेच भेटतात. फक्त शतपावलीचा आकडा पूर्वजांनी जरा हात राखून सांगितला. शंभर पावलं म्हणजे जेमतेम सत्तर मीटर, सोसायटीच्या फाटकापर्यंत. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर साखर खरंच कमी चढते, म्हणून पावलं हजाराच्या घरात न्यावीत. आणि रात्री निजताना तळवे आरशात पाहावेत, कारण नसा बधिर झाल्या की खडा टोचलेला कळत नाही. घरच्यांना हे दृश्य विचित्र वाटतं. वाटू द्यावं.

राहता राहिला एकच प्रसंग, ज्यात साखर खाणं हे कर्तव्य ठरतं. आकडा सत्तरच्या खाली घसरला, हात थरथरायला लागले, घाम फुटला, की पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, तोंडात टाकायची. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण येतो आणि चव घ्यायचं भान नसतं. यासाठी खिशात साखरेची पुडी हवी. पेढा, चॉकलेट शक्यतो नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते.

माझ्या खिशात पुडी असतेच. एकदा साताऱ्याहून एसटीने परत येताना मात्र ती नव्हती, कारण शर्ट आदल्या दिवशी मशीनमधून निघाला होता. सकाळची गोळी घेतली होती, जेवण वाईला होईल असं धरून चाललो होतो ते झालं नव्हतं, आणि खंबाटकीच्या बोगद्याअलीकडे गाड्यांची रांग लागली. शेजारी एक काकू होत्या. लिंबखिंडीपासून आमचे एकमेकांना आपापले आजार सांगून झाले होते. त्यांचे गुडघे, माझी शुगर. अर्ध्या तासाने मानेवर घाम आला. बोटं थरथरू लागली. जवळ खायला एकच वस्तू होती, पिशवीतला अर्धा किलो कंदी पेढ्यांचा खोका, सासुरवाडीसाठी घेतलेला. मी दोरा तोडायला लागलो.

“अहो, काय करताय!” काकूंनी खोका ओढला. “तुम्हाला शुगर आहे ना?”

मला सांगायचं होतं की म्हणूनच. पण त्या अवस्थेत शब्द सापडत नाहीत. “कमी,” म्हणालो.

“कमी तरी कशाला खायचे?”

शेवटी कंडक्टर आला, त्याच्या वडिलांना मधुमेह होता, त्याने एका नजरेत ओळखलं. खोका माझ्या हातात आला. मी चार पेढे खाल्ले. काकूंनी मोजले, माझा फोन मागून घेतला आणि घरी लावला.

स्वारगेटहून रिक्षाने घरी पोचेपर्यंत सगळं ठीक झालं होतं. जिन्यातच थांबून बोट टोचून पाहिलं होतं. सौ. दारात उभी.

“किती?” तिने विचारलं.

“एकशे बारा,” मी म्हणालो.

“पेढे विचारतेय.”