पाहुणे आणि पॉवरप्ले

रविवारी पाहुणे आपल्याला भेटायला येतात, असा रोह्यात एक समज आहे. खरं तर ते घरातल्या मोठ्या टीव्हीला भेटायला येतात. १९ नोव्हेंबर २०२३ चा रविवार घ्या. दिवाळी होऊन आठवडा झालेला, अहमदाबादला विश्वचषकाची फायनल, दोनला पहिला चेंडू. आणि पेणहून आत्या, काका, जावईबापू दीडलाच दारात! 'सहज आलो हो.'

रोहित ४७ वर गेला, तेव्हा जावईबापू मोरीत हात धूत होते. झालं, अपराधी सापडला. कोहली खेळतोय तोवर कुणी जागचं हलायचं नाही, असा काकांचा हुकूम सुटला. आत्याच्या पायाला मुंग्या आल्या, तरी ती देशासाठी मांडी घालून बसली. कोहली ५४ वर त्रिफळाचीत झाला आणि तिची सुटका झाली. शेवटच्या ४० षटकांत आपले चौकार चारच. चहाच्या फेऱ्या त्याहून जास्त झाल्या. चहा करणाऱ्यांना स्कोअर कळायचा तो बाहेरच्या उसाशांवरून.

पुढे हेडने १३७ ठोकले. ऑस्ट्रेलिया सहा गडी राखून जिंकायच्या आतच काकांना कबड्डी आठवली. 'रायगडचा खरा खेळ तो!' मग मऊ पडलेल्या चकल्या चावत चौकशा सुरू झाल्या : धाकटीचं कुठे जमतंय का, वरच्या मजल्याचं काम कुठवर आलं? निघताना आत्या चपला शोधत म्हणाली, "जावईबापू, पुढच्या फायनलला तुम्ही आपले पेणलाच थांबा."