धुऱ्यावरच्या बाभळीचे नऊ लाख

अमरावती जिल्ह्यातल्या भातकुलीला पुनर्वसन नवीन नाही. रुक्मिणीला परत आणल्याशिवाय कौंडिण्यपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी शपथ घेतलेला तिचा भाऊ रुक्मी हात हलवत परतला आणि इथेच भोजकट वसवून राहिला, असे जुनी मंडळी सांगतात. त्याला भूखंड किती फुटांचा मिळाला, याबद्दल पुराण गप्प आहे. पुढे निंभ्याजवळ पेढी नदीवर धरण आले आणि अळणगावसारखी गावेही रुक्मीच्याच वाटेला लागली.

आता विकासाने काय बुडते ते मोजायला ‘परिसंस्था सेवा’ आल्या आहेत. 2005 च्या जागतिक अहवालाने निसर्गाच्या नोकरीचे चार वर्ग पाडले: पुरवठा, नियमन, संस्कृती आणि या तिघांना खांदा देणारा आधार. आमच्या कचेरीतही चारच वर्ग आहेत. तिथेही राबतो चौथा.

2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तज्ज्ञ समितीने एका झाडाचे मोल वर्षाला 74,500 रुपये ठरवले. त्यात नुसत्या प्राणवायूचे 45,000. बंगालमधल्या रेल्वेपुलांच्या आड येणाऱ्या 300 झाडांचे शंभर वर्षांचे मिळून 220 कोटी निघाले. हे ऐकून आमच्या एका काकांनी धुऱ्यावरच्या बाभळी मोजल्या. बारा! म्हणजे सालाचे 8,94,000. काकांना घामच फुटला. “बाप्पा, मंग पीएम-किसानचे सहा हजार बंद होतीन ना!” काकू म्हणाल्या, “पऱ्हाटीले भाव नाही, अन् काट्याले नऊ लाख?”

काका, घाबरू नका. भूसंपादनाच्या पंचनाम्यात हीच बाभूळ ‘जळाऊ लाकूड’ होते आणि तिचा प्राणवायू तिथल्या तिथे निघून जातो. विहिरीचा प्रश्न तेवढा अवघड. खारपाण पट्ट्यातले तिचे खारे पाणी पिकाला चालत नाही, माणसाला चालत नाही. ते कोणत्या सेवेत धरायचे?

पण काकांकडे निदान सातबारा आहे. ढोरक्याकडे काय आहे? ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर, त्याच्या शेळ्या चरतात, बायको सरपण आणि शेण वेचते. जमीन सरकारची, म्हणून मोबदल्याच्या रकान्यात त्याचे नाव नाही. लाभार्थी: निरंक. वर, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात रोपे लावायला मोकळी जागा शोधतात, तेव्हा सापडतो तोच ई-क्लास. तारेचे कुंपण पडते, फलक लागतो, फोटो निघतो. रोपांना सेवा म्हणतात, शेळ्यांना अतिक्रमण.

कुंपणाबाहेरून ढोरक्या विचारतो, “सायेब, माह्या शेळ्या या चारातल्या कोन्त्या वर्गात बसवू?”