गाडी लावा जी, फक्त धान येईपावतो

माझा एक मित्र मालवणात भाड्याचं घर शोधतो आहे. दर दोन दिवसांनी त्याचा फोन येतो: घर आहे, खिडकीतून समुद्र आहे, पण गाडी लावायची जागा पर्यटकांनी गिळली आहे. मी ऐकून घेतो. खारा वारा जिथवर कधी पोचणार नाही अशा भंडारा जिल्ह्यातल्या शहापुरात मीही तेच शोधतोय, आणि माझ्याकडे तर शिव्या द्यायला पर्यटकही नाहीत.

शहापूर म्हटलं की लोकांना ठाण्याचं आठवतं. हे शहापूर नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना महामार्ग ५३ वर लागतं. शेजारी जवाहरनगरची आयुध निर्माणी, इथलंच इंजिनिअरिंग कॉलेज. त्यामुळे ‘रूम किरायाने देणे आहे’ या पाट्यांना तोटा नाही. फक्त त्या खोल्या दुचाकीवाल्या पोरांच्या मापाने बांधलेल्या. चारचाकीवाला भाडेकरू दिसला की घरमालकाच्या चेहऱ्यावर, हत्ती घेऊन आलेल्या जावयाकडे पाहावं तसा भाव येतो.

"पार्किंग आहे का?"

"हाय ना जी! अख्खं आंगन पडलं हाय."

पाहायला गेलो. आंगन खरंच पडलं होतं, पण ट्रॉलीखाली. ट्रॉलीमागे तणसाचा ढीग, ढिगाला टेकून म्हैस, आणि पुतण्याच्या घराच्या विटा. पुतण्याचं घर कधी होणार ते विचारायचं धाडस झालं नाही.

"हे समदं हटते जी. धान निघाले का हटते."

मी तिथेच उभ्या उभ्या वर्षाचा हिशेब मांडला. दिवाळीच्या आगेमागे धान अंगणात येणार. भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे रात्रभर नाटक आणि घरभर पाहुणे, त्यांच्या गाड्या आधी. मग लग्नसराईचा मांडव. मग उन्हाळी धान. मग पाऊस, आणि चिखलात रुतलेली गाडी काढायला त्यांचाच ट्रॅक्टर, भाडं वेगळं. करार अकरा महिन्यांचा, त्यात गाडीच्या वाट्याला अकरा दिवस.

करारावरून आठवलं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाडेकरार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. मी हे नम्रपणे सांगितलं. "लिवून काहून जी? आमचा तुमच्यावर भरोसा हाय." भरोसा त्यांचा माझ्यावर होता, माझा म्हशीवर नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की इमारतीच्या खांबांखालचं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही. जपानात १९६२ पासून गाडी घ्यायची तर आधी जागेचा दाखला लागतो. आपल्याकडेही २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक मुंबईकरांसाठी असंच काहीसं बोलले. शहापुरात हा नियम आलाच, तर दाखल्यावर म्हशीचा अंगठा कुठे घ्यायचा हे आधी ठरवावं लागेल.

शेवटी एका दलालाने भंडारा शहरात वैनगंगेच्या बाजूची इमारत दाखवली. खांबांखाली ऐसपैस पार्किंग, आणि वर ‘रिव्हर व्ह्यू’. खांबांवर छातीइतक्या उंचीवर तपकिरी रेघ होती.

"ही कसली खूण?"

"जुना रंग हाय जी."

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगा शहरात शिरली होती, त्या रंगाचा ब्रँड मला ठाऊक होता. मालवणच्या मित्राला कळवलं, समुद्र इथेही मिळतो, पण तो स्वतः पार्किंगमध्ये येतो.

मुकाट्याने शहापूरला परतलो आणि म्हशीशेजारची खोली घेतली. गाडी तणसाला चिकटवून उभी केली. महिनाभर रोज पहाटे दार वाजे: "जराशी सरकवा जी."

परवा मात्र कोणी दार वाजवलं नाही. नऊ वाजता ऑफिसला निघालो, तर बॉनेटवर लुगडं अंथरलेलं, त्यावर मोहफुलं पसरलेली, टपावर कुरड्या. घरमालकीण सावलीत बसून कोंबड्या हाकलत होत्या. मी किल्ली काढताच त्या उठल्या.

"आता नोका हलवू जी गाडी. दुपारपावतो वाळतेत."