मागे वळून पाहण्याची सोय

लोहगड सोपा आहे असं सगळेच सांगतात, फक्त सांगणारे नेहमी गड उतरत असतात. उंची सुमारे ३४०० फूट, पण त्यातली बरीचशी लोहगडवाडीपर्यंत गाडीच चढून देते. उरतात त्या पायऱ्या. अगदी घरच्या जिन्यासारख्या. वरचा मजला नेमका कुठे घ्यायचा, हे तेवढं बांधणाऱ्याने शेवटपर्यंत ठरवलेलं दिसत नाही. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे त्या नागमोडी वाटेवर उभे आहेत. शत्रूची दमछाक व्हावी म्हणून घातलेली ती वळणं. शत्रू कधीच गेला, पण वळणं अजून इमानाने कामावर आहेत; पाठीवर पोळीभाजीचा डबा नि हातात तिखटमीठ लावलेली काकडी घेऊन आलेल्या निरुपद्रवी माणसालाही ती सोडत नाहीत.

माझ्या बाबांना मात्र कधी दम लागत नसे. त्यांना देखावे दिसत. दर दरवाजापाशी ते थांबत, कमरेवर हात ठेवत आणि खालच्या पवनेच्या पाण्याकडे वळून म्हणत, “वा! बघून घ्या रे.” आम्ही बघून घ्यायचो. आरशाचा तुकडा कुणी डोंगरांत विसरून गेल्यासारखं ते पाणी, पलीकडे तुंग आणि तिकोना हे गड. बाबांचा श्वास जाग्यावर आला की देखावा संपायचा.

पवनेचं धरण पूर्ण झालं १९७२ साली. बाबा कॉलेजात असताना मित्रांबरोबर पहिल्यांदा गडावर आले, ते त्याच्या आधी. “तेव्हा खाली पाणी नव्हतं, शेतं होती,” ते सांगत. मग थांबायचात कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. तेव्हा थांबावं लागत नसणार.

२०२५ साली लोहगड जागतिक वारसा ठरला, त्यानंतर मी लेकाला घेऊन गेले. दुसऱ्याच दरवाजाशी तो वरून ओरडला, “आई, दमलीस?” मी कमरेवर हात ठेवला. “छे रे! ते पाणी बघ.” पायरीवर सरबत विकणाऱ्या मावशी हसल्या. “बसा ताई. गड कुठं पळतोय?”

बसल्या बसल्या बाबांची शेवटची खेप आठवली. श्रावण होता. धुकं असं दाटलेलं, की पुढच्या पायरीलाही हाक मारून बोलवावं. बाबा हनुमान दरवाजापाशी थांबले, त्या पांढऱ्या शून्याकडे वळले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “वा! तो बघ तुंग.”

आम्ही सगळे वळलो. आणि अगदी मन लावून, कुणी काही न बोलता, बराच वेळ तुंग पाहत राहिलो.