बी पेरावे परदेशी
‘ब्रॅकीस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ आखूड, थोड्या अंतराचा असा असून, किरणोत्सारी पदार्थ थेट गाठीत किंवा गाठीला लागून ठेवण्याच्या उपचाराला त्यावरूनच ब्रॅकीथेरपी हे नाव पडले. तरीही पिंपरी-चिंचवडहून दिल्लीजवळच्या मानेसरला मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात बदलून आलेल्या आणि तिथेच निवृत्त झालेल्या मराठी गृहस्थाला प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाच्या खाली असणाऱ्या पुरुषांच्या ग्रंथीचा, कर्करोग निघाला, की हा जवळचा उपचार पावणेसात हजार किलोमीटरवरच्या लंडनलाच घ्यावा, असे घरात एकमताने ठरते.

उपचार तसा शेतीच्या जातीचा आहे. भूल दिल्यावर अल्ट्रासाउंडच्या पडद्याकडे पाहत, छिद्रे पाडलेल्या पट्टीतून लांब सुया ग्रंथीत घालतात आणि टायटॅनियमच्या वेष्टणात आयोडीन-125 भरलेल्या, जेमतेम साडेचार मिलिमीटर लांबीच्या ‘बिया’ अनेकदा ऐंशी-शंभरच्या संख्येने आत पेरतात. त्या तिथेच कायमच्या राहतात. त्यांचा किरणोत्सार मात्र सुमारे 59 दिवसांत निम्म्यावर येतो.

अशा बिया तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार करून त्यांना ‘ऑक्युप्रोस्टा’ असे डोळा आणि प्रोस्टेट यांचे जोडनाव दिले, त्याला कित्येक वर्षे झाली. पिकते तिथे विकत नाही हा न्याय अणुशास्त्रालाही चुकलेला नाही, कारण प्रोस्टेटमध्ये कायमच्या बिया पेरण्याचे काम देशात मोजक्याच ठिकाणी चालते, आणि ब्रॅकीथेरपीच्या खोल्यांबाहेरची रांग मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायकांची असते. त्यांच्यासाठी इरिडियम-192 चा स्रोत काही मिनिटे आत नेऊन परत काढून घेतात. त्यांच्यापैकी कोणाला लंडन सुचवल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.

गंमत दिल्लीच्या विमानतळावर आहे. वैद्यकीय व्हिसावर उतरलेला परदेशी वृद्ध गुरुग्रामच्या पंचतारांकित रुग्णालयाकडे निघालेला असताना मानेसरचे गृहस्थ त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बॅगा मोजत उभे असतात. दोघांच्याही काखेत सारखीच फुगलेली फाइल असते आणि दोघांचेही चिरंजीव वडिलांना ‘तिकडे’ नेल्याच्या कर्तव्यपूर्तीने ताठ झालेले असतात. रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू देते, त्यामुळे कर्तव्याला मर्यादाही फारशी आड येत नाही. याउलट कमी धोक्याच्या गाठीला अनेकदा ‘सक्रिय निरीक्षण’ पुरते, म्हणजे ठरावीक महिन्यांनी पीएसए ही रक्तचाचणी करून आणि अधूनमधून गाठ पुन्हा तपासून लक्ष ठेवायचे. पण मानेसरातच बसून होणाऱ्या या उपचारासाठी कोणी निरोपाला येत नाही आणि डब्यात चकल्याही देत नाही.

किरणोत्सारी पदार्थ देशात आणायचा तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. गृहस्थ मात्र ऐंशी बिया पोटात घेऊन, दोन बाटल्या तेवढ्या जाहीर करून, जकातीच्या टेबलापुढून रुबाबात बाहेर पडतात. यंत्र वाजलेच तर दाखवायला खिशात रुग्णालयाचे कार्ड असते. घरी पोहोचल्यावर सूचनापत्र वाचले जाते: सुमारे दोन महिने लहान मुलांना मांडीवर फार वेळ घेऊ नये, गरोदर बायकांच्या अगदी जवळ बसू नये. त्यामुळे लंडनची हकीकत ऐकायला जमलेल्या मंडळींतली शेजारची सून दाराशी उभी राहते, आणि नातू पलीकडच्या खोलीतून आजोबांना व्हिडिओ कॉल लावतो.