मा. दहा टक्के यांस खुले पत्र

मा. दहा टक्के साहेब,


२०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक सचोटीचे आणि वाङ्मयचौर्य रोखण्याचे नियम काढले आणि आपण गादीवर बसलात. प्रबंधातलं साम्य आपल्या आत राहिलं तर शिक्षा नाही. चाळीसपर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून आणायचं, साठपर्यंत गेलं तर वर्षभर फिरकायचं नाही, साठच्या वर नोंदणीच रद्द. तेव्हापासून बारामती-इंदापूरकडे पीएच.डी. करणारा भेटला की विषय कोणी विचारत नाही. रक्त तपासून आलेल्या माणसाला साखर विचारावी तसं 'किती आलं?' एवढंच विचारतात.

आपल्या कृपेने 'टक्के कमी करून मिळतील' हा धंदा उभा राहिला, त्याबद्दल अभिनंदन. योगायोगाने जुळणाऱ्या सलग चौदा शब्दांना नियमात सूट आहे, म्हणून पंधरावा शब्द गाठायच्या आत शेतकऱ्याचा कृषक होतो आणि उसाचा इक्षू. उजनीच्या काठचा तो इक्षू-उत्पादक कृषक स्वतःचं वर्णन वाचेल तर कुणाच्या वावरात शिरलो म्हणून दचकेल. मराठीतून लिहिणाऱ्यांवर तर आपली खास मर्जी. इंटरनेटवर कधी न चढलेल्या जुन्या पुस्तकातली पानं नव्याने टाइप केली की आपल्या यंत्राला वासही लागत नाही.

शोधनिबंधांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे आपले थोरले बंधू अठ्ठ्याऐंशी टक्के होते. २०१८ मध्येच 'करंट सायन्स'मध्ये पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आयोगाच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या, कुठल्याही सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमअस्सल असू शकतात. आयोगाने ४,३०५ नावं उडवली. पुढे मान्य नियतकालिकांची नवी 'केअर' यादी आली, तिचा कारभार आमच्याच पुणे विद्यापीठात होता, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही गुंडाळली. पैसे भरून छापणाऱ्यांची दुकानं यादीविनाही चालतात.

खरी तक्रार वेगळीच आहे. आपण शब्द तपासता. आकड्यांचं काय? इंदापूर तालुक्यातल्या तीनशे ऊस उत्पादकांच्या प्रश्नावल्या पंख्याखाली बसून दोन रात्रींत भरता येतात. पेन बदलत राहायचं, मधूनच 'सांगता येत नाही'वर खूण करायची, म्हणजे माल अस्सल दिसतो. भिगवण-कुंभारगावचे रोहित पक्षी हिवाळाभर मोजले, हे लिहायला चिखलात पाय घालावा लागत नाही. असा प्रबंध आपल्याकडून मान ताठ ठेवून सुटतो, कारण न झालेल्या पाहणीची दुसरी प्रत कुठे सापडणार? आणि जो पोरगा खरोखर मोटारसायकलवर निमगाव केतकी, लासुर्णे, बावडा फिरला, डाळिंबवाल्यांच्या शिव्या खाऊन उत्तरं घेऊन आला, त्याच्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणात सगळ्यांचीच असतात तशी चार वाक्यं सापडतात. त्याला अकरा टक्के. मग बसा सुधारत.

नियमांच्या नावात सचोटी आधी आहे, चोरी नंतर. टक्के आणि शिक्षा मात्र चोरीच्याच वाट्याला आल्या. हे आपल्या कानावर कुणी घातलं नसावं, कारण आपला कागद जोडला की गाईड सुटतो, महाविद्यालय सुटतं, परीक्षकही सुटतो. प्रबंध वाचायची कुणावर वेळ येत नाही. आपल्या लोकप्रियतेचं कारण मला तरी हेच दिसतं.

एक अर्ज आहे. व्हायवाच्या दिवशी आपला अहवाल जरा बाजूला ठेवावा. उमेदवाराने भरून आणलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा टेबलावर मागवावा, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यातली हवी ती एक उपसावी आणि त्या शेतकऱ्याला तिथूनच फोन लावावा. 'कोण मॅडम? आमच्याकडं कोणी आलं नव्हतं,' असं तिकडून ऐकू आलं तर काय करायचं, ते आयोगाला कळवून विचारता येईल. अडचण एवढीच, की व्हायवा बहुधा जेवणाच्या वेळेला संपतो आणि जेवण उमेदवाराकडे असतं.

आपला नम्र,
इंदापूर तालुक्यातला एक गाईड