निळं फूल ओळखण्याची सोपी रीत

पहिली अट, पहाटे उठणे. सातिवलीचे गाळे आणि हायवेचा चिखल मागे टाकून तुंगारेश्वर फाट्यावरून आत वळलात की अभयारण्याची वाट लागते. चहा-वडा परतताना घ्या, कारण ज्या निळ्या फुलासाठी तुम्ही निघालात ते कोणासाठी थांबत नाही. केन्याच्या कुळातल्या फुलांच्या पाकळ्या ऊन चढलं की सुकत नाहीत, चक्क विरघळतात. दुपारी पोहोचलेल्याला चिकट निळसर ठिपका दिसतो आणि तो घरी जाऊन ‘यंदा फुलं कमीच’ असा निष्कर्ष जाहीर करतो. श्रावणी सोमवारी तर महादेवाच्या दर्शनाची गर्दी असते. त्या दिवशी खाली बघत चालणाऱ्याचं काही हरवलंय असं समजून चारजण मदतीला धावतात.

आता खाली बसा. उभ्याने ओळखलेलं फूल धरलं जात नाही. रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका, कारण फोनमध्ये सगळी निळी फुलं जांभळी होतात आणि ग्रुपवर मग भांडणं लागतात. पाकळ्या मोजा. पाच कोपऱ्यांची, एकसंध बशीसारखी निळी चकती असेल, पानांवर रेशमी लव असेल आणि झाड कोरड्या मुरमाला चिकटलेलं असेल, तर ती विष्णुक्रांता. पाझरत्या कातळावर नाजूक दांडा, पान जवळपास दिसतच नाही आणि फुलाला मागे छोटी शेपटी, तर सीतेची आसवं. नाव एवढं करुण, पण वनस्पती मांसाहारी: मुळांसारख्या धाग्यांवरच्या इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव ओढून पचवते. एका पावसाचाच तिचा संसार.

तीन पाकळ्या निघाल्या तर खरा अभ्यास सुरू. दोन मोठ्या निळ्या आणि तिसरी खाली खुजी, फिकट, असेल तर केना. त्याच्या प्रजातीचं लॅटिन नाव लिनियसने डच कॉमेलिन घराण्यावरून ठेवलं. दोन मोठ्या पाकळ्या म्हणजे नावारूपाला आलेले दोन वनस्पतिशास्त्रज्ञ, तिसरी म्हणजे काही करून दाखवण्याआधीच वारलेला त्यांचा आप्त, असा खुलासाही त्यानेच दिला. त्या दोघांतला यान कॉमेलिन मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथावर काम करणाऱ्यांपैकी. गेलेल्या माणसाची अशी थट्टा आपल्याकडे कोणी केली असती तर भाऊबंदकी झाली असती.

तिन्ही पाकळ्या सारख्या, पुंकेसरांवर निळे केस आणि फुलं कोयत्यासारख्या वाकड्या, एकावर एक रचलेल्या पानुल्यांतून डोकावणारी, तर नभाळी किंवा आभाळी. दोघींत गल्लत करण्याचा हक्क नवशिक्यांना आहे. आभाळी ओल्या डोंगरी गवतात वाढते, कासच्या पठारावरही भेटते, आणि बहुवर्षायू आहे: पावसाळा सरला की वरचं सगळं वाळतं आणि जमिनीखाली कंद पुढच्या पावसापर्यंत झोपतो. कंद आहे का हे बघण्यासाठी उकरू मात्र नका. अभयारण्यातून झाड उपटणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गुन्हा आहे, आणि ‘मी फक्त ओळखत होतो’ हा बचाव वनरक्षकांना पटत नाही.

प्रात्यक्षिकच हवं असेल तर इमारतीच्या गच्चीवरच्या कुंड्या बघा. केना तिथे निमंत्रणाशिवाय येतो. आधी कोवळ्या पानांची भजी करा, मग मुळासकट उपटा. उपटताना मातीत पांढरे कोंब दिसतील. तीही त्याची फुलंच, जमिनीखाली मिटल्या मिटल्या बी धरणारी. काढलेला ढीग शेजारच्या ओल्या कुंडीवर ठेवून आठवडाभर गावी जाऊन या. परतल्यावर त्या कुंडीतली तुळस शोधावी लागली, तर ओळख बरोबर होती.